बाबा येऊन राहिले

अकोल्याच्या फलाटावर गाडी लागली तेव्हा बाबा माझ्याआधी डब्यात चढले. सुटकेस आमच्या सीटखाली बसेना, म्हणून त्यांनी ती समोरच्या गृहस्थांच्या पायाशी सरकवली आणि वर त्यांनाच सांगितलं, "पोरगी पहिल्यांदा पुण्याले जाऊन राहिली. लक्ष ठेवजा." ते गृहस्थ पुण्याचे असावेत. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे जरा गोंधळून पाहिलं. ही पुण्याला जाऊन राहिली होती, तर मग पहिल्यांदा कशी, असा काहीतरी हिशेब त्यांच्या डोक्यात चालला असणार. तेव्हा मला त्या बघण्याचा अर्थ कळला नाही.

गाडी हलली. बाबा खाली उतरले, खिडकीचे गज धरून थोडं चालले आणि म्हणाले, "तिकडे नीट बोलजो माय." आई स्टेशनवर आलीच नव्हती. गर्दीत रडण्यापेक्षा घरी निवांत रडलेलं बरं, असं तिनं आदल्या दिवशी जाहीर करून टाकलं होतं. त्यामुळे निरोपाचं वाक्य एकच मिळालं, बाबांचं. एकामागून एक स्टेशनं गेली, तरी मी त्याचाच विचार करत होते. नीट बोल म्हणजे मोठ्यांशी अदबीनं बोल, की नीट बोल म्हणजे आपल्यासारखं बोलू नको?

पातुरात मागे राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं सामान बांधून पुण्याला, मुंबईला, बंगलोरला गेलेल्यांनो, हे तुमच्यासाठी लिहिते आहे. तुमच्यापैकी प्रत्येकाला असं एखादं वाक्य मिळालेलं असणार. माझं मी बरीच वर्षं सोबत वागवलं. आता ते खाली ठेवलं आहे आणि खांदे हलके झाले आहेत, म्हणून सांगावंसं वाटलं.

आमचं अकोल्याजवळ, पातूरच्या बाहेर भाजीचं शेत आहे. वांगी, पालक, मेथी, सांबार, आणि बांधाच्या कडेनं झेंडू. सांबार म्हणजे कोथिंबीर, हे गेलेल्यांना सांगायला नको, पण त्यांच्या पुण्यात जन्मलेल्या मुलांसाठी सांगून ठेवते. बाबा भयंकर बोलके. वांगी तोडताना वांग्यांशी बोलायचे, पंप बंद पडला की पंपाशी, आणि बाजारात तर विचारूच नका. गिऱ्हाईक भाजी घ्यायचं विसरून जायचं. मी अकोल्याला कॉलेजात होते तेव्हा फोनवर त्यांचं बोलणं ऐकता ऐकता वरण करपलेलं आहे. शेजारच्यांची म्हैस कशी आमच्या मेथीत घुसली, तिला हाकलायला गेलेला शेजारी कसा चिखलात बसला, मग म्हशीनं त्याच्याकडे कसं पाहिलं, हे सगळं आवाजांसकट. मी घर म्हणते तेव्हा मला भिंती दिसत नाहीत, हे बोलणं ऐकू येतं.

पुण्यात मी भाषाशास्त्र शिकायला गेले होते. भाषा शिकायला आलेल्या माणसाची भाषा तिथे आधी दुरुस्त झाली. त्यात कोणी दुष्ट नव्हतं. मैत्रिणी हसायच्या, पण प्रेमानं हसायच्या. "मले" म्हटलं की पाठोपाठ तीन आवाज "मले, मले" करायचे. पहिल्या दिवाळीपर्यंत माझं "मला" झालं, "काहून" चं "का" झालं, "अद्रक" चं "आलं" झालं. भाजीवाल्याकडे सांबार मागितला तर त्यानं मला समोरच्या उडप्याकडे पाठवलं, तेव्हापासून मी कोथिंबीर घेऊ लागले. चेष्टा होणारे शब्द सोपे असतात. ते ऐकू येतात, म्हणून टाकता येतात.

एक मात्र राहून गेलं. "करून राहिलो." आपण म्हणतो ना, जेवून राहिलो, वाचून राहिली, पाऊस पडून राहिला. म्हणजे आत्ता, या क्षणी चालू आहे. यातला एकही शब्द पुण्याच्या कानाला खटकत नाही. "येऊन" त्यांचाही आहे, "राहिले" त्यांचंही आहे. म्हणून मला कोणी टोकलं नाही आणि मलाही ते वऱ्हाडी आहे हे कळलं नाही. फक्त त्यांच्याकडे "येऊन राहिले" म्हणजे आले आणि मुक्काम ठोकला.

मी एका काकूंच्या घरी खोली घेऊन राहत होते. काकू एकट्या, कडक, पण वाईट मुळीच नव्हत्या. मी आजारी पडले की दारात पेजेचं भांडं ठेवून, काही न बोलता निघून जायच्या. त्यांची अट एकच होती, पुरुष पाहुणा मुक्कामाला नको, मग तो बाप असो की देव. एकदा काकू लेकीकडे नाशिकला गेल्या होत्या आणि बाबांनी पातुराहून फोन केला की वांगी छान निघाली आहेत, घेऊन येतो, पोरीचं तोंड पाहतो आणि संध्याकाळच्या गाडीनं परत फिरतो. दिवसभराचा तर प्रश्न. पण काकूंना कळवणं बरं, म्हणून बाबा गाडीत असताना मी कॉलेजातून त्यांना फोन लावला आणि म्हटलं, "काकू, माझे बाबा येऊन राहिले."

काकू "बरं" म्हणाल्या. त्या "बरं" नं कान गार पडावेत, असं ते होतं. मला वाटलं, प्रवासात असतील.

त्या खरंच प्रवासात होत्या. दुपारी नाशिकहून परतल्या आणि फाटकातच बाबा उभे, खांद्यावर वांग्यांचं पोतं, हातात सांबाराच्या जुड्या. पुढचं मला दोघांनीही वेगवेगळं सांगितलं, पण वाक्यं तीच होती.

"तुम्ही मला न विचारता इथे राहिलात?" काकूंनी विचारलं.

"नाही जी," बाबा म्हणाले. "मी तं आत्ताच येऊन राहिलो."

"म्हणजे राहिलात ना?"

"हाव. येऊन राहिलो. स्टेशनवरून सरळ."

"आणि वर मलाच सांगताय?"

"तुमाले नाही सांगाचं तं कोनाले सांगाचं बाई? घर तुमचं."

माणूस गुन्हा नाकारायला तोंड उघडतो आणि दर वेळी कबुलीच देतो, असा तो प्रकार होता. मी पोचले तोवर काकूंनी मला महिनाअखेर खोली सोडायला सांगायचं पक्कं केलं होतं. मी धापा टाकत दोघांच्या मध्ये उभी राहिले आणि समजावलं की आमच्याकडे "येऊन राहिले" म्हणजे येतायत. काकूंचा चेहरा हळूहळू सैल झाला. त्या हसल्यासुद्धा. मग म्हणाल्या, "मग येतायत म्हणायचं ना. सरळ मराठीत बोलायचं."

बाबांनी पोतं खाली ठेवलं, टोपी काढली आणि म्हणाले, "चुकलं बाई आमचं."

खोली वाचली. काकूंनी त्यांना चहा दिला, दुसऱ्या दिवशी त्याच वांग्यांचं भरीत करून मला वाढलं, आणि नंतर कितीतरी वर्षं ही गंमत येणाऱ्या-जाणाऱ्यांना रंगवून सांगितली. मीही हसले. बाबा मात्र चहा पिऊन, ठरल्यापेक्षा आधीच्या गाडीनं गेले. फलाटावर एवढंच म्हणाले, "माह्या बोलीनं तुही खोली जात होती."

पुढच्या फोनपासून बाबा नीट बोलू लागले.

"हॅलो. तू कशी आहेस?" मला क्षणभर कळेना, कोण बोलतंय. आहेस! आमच्या घराच्या भिंतींनी "आहेस" कधी ऐकलं नव्हतं. मी वांग्यांचं विचारलं तर म्हणाले, "वांग्यांची स्थिती समाधानकारक आहे." रेडिओवर शेतीचा कार्यक्रम लागतो, त्यातून त्यांनी एवढा माल जमवला होता. आई कशी आहे, तर "आईसुद्धा समाधानकारक आहे." मी पोट धरून हसले, त्यांना वाटलं मला आवडलं. मग "ठेवतो" म्हणून फोन ठेवला. म्हशीचा विषयच निघाला नाही. उसन्या भाषेत म्हैस कशी घुसणार मेथीत? तिला लागणारे शब्द रेडिओवर मिळत नाहीत.

मी सांगून पाहिलं. रागावून पाहिलं. मुद्दाम वऱ्हाडीत बोलून पाहिलं, तर म्हणाले, "तू असे बोलू नकोस. सवय मोडेल." आईनं एकदा हळूच सांगितलं, "तुह्यासंग बोलाचं असलं की टोपी घालून बसतेत. घसा खाकरतेत. कलेक्टरचा फोन आल्यावानी." सुट्टीत गावी गेले तर शेतावरून त्यांचा आवाज यायचा, पंपाला चार अस्सल शिव्या, आणि मी बांधावर दिसले की तोच माणूस म्हणायचा, "ये. बस. प्रवास चांगला झाला?" त्या वेळी मला फार एकटं वाटायचं. आई-वडील सगळ्यांचेच कधीतरी जातात, हे मला कळत होतं. पण माझे बाबा धडधाकट होते, समोर उभे होते, आणि मला सापडत नव्हते. ते परत मिळतील की नाही हेच माझ्यासाठी पणाला लागलं होतं. बाकी पुण्यात माझं उत्तम चाललं होतं.

उत्तम म्हणजे, परप्रांतातून आलेल्यांना मी मराठी शिकवत होते. सुरुवातीला पुस्तकातलं, हे काय आहे, हे टेबल आहे. मग माझ्या लक्षात आलं की हे टेबल आहे असं अख्ख्या पुण्यात कोणी कोणाला सांगत नाही. म्हणून मी धडे सोडून कामं द्यायला लागले. रिक्षावाल्याला पत्ता समजावून घरी पोचायचं. डॉक्टरला सांगायचं की दुखतंय, पण परवापेक्षा कमी. नळ गळतोय म्हणून प्लंबरला आजच यायला लावायचं. काम पार पडलं की त्यात लागलेली भाषा आपोआप अंगात मुरते, आणि नाही पार पडलं तर का नाही, ते सगळ्यांनी बसून बघायचं. शिकवण्याच्या धंद्यात याला टास्क म्हणतात. मी कामच म्हणते. भाजीवाल्याच्या घरात टास्क कुठून येणार?

नंतर अमरावतीत एका प्रशिक्षण केंद्रात जागा निघाली. दुसऱ्या राज्यांतून वऱ्हाडातल्या शाखांत नेमणूक झालेल्या बँक अधिकाऱ्यांना दर शनिवारी-रविवारी मराठी शिकवायची होती. मी अर्ज केला. पुण्यातल्या मैत्रिणी म्हणाल्या, "परत?" पातुरात शेजारच्या काकी म्हणाल्या, "काहून आली वो? नोकरी गेली का?" दोन्हीकडून सहानुभूती मिळाली. राजापेठेच्या बाजूला मी दोन खोल्या घेतल्या. घरमालकानं पाहुण्यांबद्दल काही विचारलं नाही, तेव्हा मीच दोनदा विचारून खात्री करून घेतली.

केंद्रात पहिल्याच तुकडीत जोबी होता. केरळचा, हसरा, अभ्यासू. त्याचं पुस्तकी मराठी माझ्या पुणेरी मैत्रिणींना लाजवेल असं, आणि बाळापूरच्या शाखेत ते रोज तोंडावर आपटायचं. एके दिवशी तो वर्गात रडवेला होऊन आला. काउंटरवर एक म्हातारे गृहस्थ आले होते. जोबीनं फॉर्म मागितला. ते म्हणाले, "भरून राहिलो." जोबी म्हणाला, "भरलात तर द्या." ते म्हणाले, "अरे बावा, भरून राहिलो ना." जोबी म्हणाला, "भरून झाला, तर द्या ना!" मागची रांग हसायला लागली, म्हातारे चिडले, आणि शेवटी साहेब बाहेर येऊन जोबीला म्हणाले, "या लोकांना नीट बोलता येत नाही, तू मनावर घेऊ नको."

"मॅडम," जोबी म्हणाला, "साहेब माझ्या बाजूनं बोलले. पण मला बरं वाटलं नाही. का ते समजत नाही."

मला समजलं. नीट हा शब्द ऐकल्याबरोबर अकोल्याचा फलाट डोळ्यांसमोर आला. दुसऱ्या दिवशी मी ठरलेलं बाजूला ठेवलं आणि माझंच दुखणं काम म्हणून वर्गापुढे टाकलं.

अर्ध्या वर्गाला व्हरांड्यात नेऊन सांगितलं, तुम्ही पातूरचे वडील आहात, लेकीसाठी वांगी घेऊन आलात, आत्ता स्टेशनवरून सरळ येताय, आणि तुमच्या तोंडी "येऊन राहिलो" एवढंच आहे. उरलेल्यांना आत सांगितलं, तुम्ही घरमालकीण, तुमची अट मोडली गेली असं तुम्हाला कळलं आहे. मग जोड्या लावल्या. काम एकच, वडलांना दारातून आत घ्यायचं. जोबी घरमालकीण झाला. वडील झाली रश्मी, बिहारची, कधी गप्प न बसणारी पोरगी.

बाकीच्या जोड्यांची भांडणं रंगली. रश्मी आणि जोबीची रंगलीच नाही. तो म्हणाला, "राहिलात ना?" ती म्हणाली, "अरे, आ रहे हैं! अभी आ रहे हैं!" आणि स्वतःच थबकली. माझ्याकडे वळून म्हणाली, "मॅडम, ये तो हमारा ही है. आ रहे हैं, येऊन राहिले. आधा देश असंच बोलतो. यात चूक काय?"

खरं सांगते, मी खुर्चीत बसले. इतकी वर्षं भाषा शिकवली, हिंदी सिनेमे पाहिले, आणि "आ रहे हैं" मध्ये बाबांचं "राहिले" मला एकदाही ऐकू आलं नव्हतं. हिंदी बोलणारा रोज म्हणतो आणि त्याला कोणी सरळ बोल म्हणत नाही.

मग मी नेहमीचा शेवटचा टप्पा घेतला. काम कुठे अडलं, हे त्यांनी सांगितलं. मग मी त्यांना फाटकातला खरा प्रसंग "चुकलं बाई आमचं" पर्यंत सांगितला. मी पुढचं विचारलं, "माफी कोणी मागितली?"

"बाबांनी," सगळे म्हणाले.

"त्यांचं चुकलं होतं?"

"नाही."

"मग त्यांनीच का मागितली?"

 कोणी म्हणालं, ते वयानं मोठे, समजूतदार. कोणी म्हणालं, खेड्यातले म्हणून. जोबी सावकाश म्हणाला, "मॅडम, कारण घर तिचं होतं." आणि थोड्या वेळानं, जरा खाली बघत, "बँकेत काउंटर माझं आहे."

भाषेबद्दल इतकं खरं वाक्य मी एम. ए. च्या वर्गात ऐकलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात तो सांगत आला की "भरून राहिलो" म्हटलं की आता मी म्हणतो, "भरा काका, मी थांबून राहिलो." रांग हसते, पण वेगळी हसते.

त्याचं हे ऐकलं त्या संध्याकाळी मी बाबांना फोन केला आणि म्हटलं, माझ्या वर्गाला बाजार शिकवायचा आहे, तुम्ही भाजी घेऊन या. पलीकडे घसा खाकरल्याचा आवाज आला. "तिथे नीट बोलावे लागेल ना?" मी म्हटलं, "तुम्हाला वाटेल तसं बोला."

ते आले. इस्त्रीचा सदरा, पांढरी टोपी. वर्गातल्या दोन टेबलांवर चादर टाकून त्यांनी दुकान मांडलं, वांगी, अद्रक, टमाटर, सांबार. आपल्याकडे भेदरं म्हणतात तेच टमाटर. मुलांना काम दिलं होतं की ज्या भाजीचं नाव पुस्तकात एक आणि बाजारात दुसरं आहे, ती शोधा, विकत घ्या, आणि विकणाऱ्याला विचारा की तुम्ही घरी काय म्हणता. दुकानदार माझे वडील आहेत, हे मी सांगितलं नव्हतं. मी मागच्या बाकावर बसले. 

"या," बाबा म्हणाले. "आपल्याला काय पाहिजे?"

रश्मी पुढे झाली. "काका, सांबार हाये का?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग जुडीकडे पाहिलं. "ही कोथिंबीर आहे."

"कोथिंबीर नाही पाहिजे. सांबार पाहिजे."

"कोथिंबीर म्हणजेच... ताजी आहे. घ्या."

"काका, घरी काय म्हणता याला?"

बाबांनी मान उंचावून मागच्या बाकाकडे, माझ्याकडे पाहिलं. ते हळू आवाजात म्हणाले, "सांबार."

"मग अठी कोथिंबीर काहून म्हणता?" रश्मीनं विचारलं.

काहून! बिहारच्या पोरीच्या तोंडून, अमरावतीच्या वर्गात, माझ्या बापाला. बाबांचा चेहरा असा झाला, जणू कोणीतरी गर्दीत त्यांना घरच्या नावानं हाक मारली. ते म्हणाले, "तुमी साहेब लोक हा न. म्हणून."

जोबी म्हणाला, "काका, मी साहेब आहे, पण बाळापूरच्या बाजारात कोथिंबीर मागितली तर बाई म्हणाली, संपली. तिच्यासमोर ढीग होता. महिनाभर मी बिना सांबारची भाजी खाऊन राहिलो."

बाबा हसले. आधी नाकातून, मग खांदे हलले, मग टेबलाला धरून. टोपी काढून त्यांनी वांग्यांवर ठेवली. "अरे बावा, मंग ती बाई तुही मजा घेऊन राहिली होती! पाय, सांबार असा घ्याचा, देठ मोडून पाहाचा, कटकन मोडला तं ताजा, आन लवला तं बाईले म्हनाचं, मावशे, याले काल काहून नाही इकला?" मग त्यांची गाडी जी सुटली ती थांबेना. अद्रक कसं घ्यायचं, भाव कसा पाडायचा, रागावलेलं गिऱ्हाईक परत कसं बोलवायचं. शेजाऱ्यांची म्हैस आली. मेथी आली. चिखल आला. केरळ, बिहार, आंध्र, सगळे डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होते. मी मागच्या बाकावर रडत होते, पण ते सुटका झाल्याचं रडणं होतं. मणभर ओझं डोक्यावरून उतरलं की माणूस उगाच मान हलवून बघतो, तसं मला झालं होतं.

वर्ग सुटला तरी मुलं त्यांना सोडेनात. पातूरची शेवटची एसटी निघून गेली. मी म्हटलं, "राहा आज." बाबांनी जरा चाचरत विचारलं, "मालक काही म्हनन?" मी म्हटलं, काही म्हणत नाही. आम्ही बसस्टँडकडून घरी वळलो आणि त्या कल्लोळातच मी आईला फोन लावला. घाईत म्हटलं, "आई, बाबा येऊन राहिले."

"बरं," आई म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

रात्रीचं जेवण आम्ही अंगणात बसून करत होतो, वांग्याची भाजी, वर मूठभर सांबार, तेवढ्यात आईचा फोन आला. "काहून वो, कुठी अडकले ते? तू म्हनली येऊन राहिले. मी त्यायच्यासाठी भाकर टाकली, ते थंडी होऊन राहिली."

माझा घास हातातच राहिला. मी काकूंच्या अर्थानं बोलले होते. आले आणि राहिले. आईनं आमच्या अर्थानं ऐकलं होतं. आई ती, समजावल्यावर तडकून म्हणाली, "मंग मुक्कामी हायेत म्हन ना. सरळ बोलत जाय जरा."

बाबांना ठसका लागला. हसता हसता त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि म्हणाले, "अवो, आज राहिलो. उद्या येऊन राहिलो."

तिकडून एक साधं "बरं" आलं. आईला या वाक्यात काही गंमत वाटली नाही, काही अडलं नाही. राहिलो म्हणजे राहिलो आणि येऊन राहिलो म्हणजे येऊन राहिलो. लोक मला विचारतात, पुण्यातून परत आलीस, पण पातुराला काही गेली नाहीस, मग तुझं घर कोणतं म्हणायचं? आता मला उत्तर येतं. हे वाक्य जिथे फोड करून सांगावं लागत नाही, ते. सध्या ते पातुरातही आहे आणि राजापेठेच्या बाजूच्या या दोन खोल्यांतही.

बाबांनी फोन परत माझ्या हातात दिला आणि डोळे मिचकावून म्हणाले, "चुकलं म्हन तिले. घर तिचं हाये."

"चुकलं आई माझं," मी म्हटलं. ते म्हणताना मला हसू आवरेना.

"बरं बरं," आई म्हणाली. "जेवून घ्या आता दोघं."